वांग्याच्या पोटातली सरकी

कुत्र्यासाठी खेळणी शिवणारी बाई मला आधी कुठे भेटली असती तर मी तिला पोटभर हसले असते. पण आमच्या जळगावात अशी बाई मी कधी पाहिली नव्हती. पाहिली ती वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, माझ्याच घरात, माझ्याच पायमशीनवर बसलेली.

मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवलं. आता तो विषय गेला, त्या खोलीत संगणक आले, आणि साध्या बटणासाठी मुली दुसऱ्याच्या दारात उभ्या राहू लागल्या. आमच्या कॉलनीतल्या नव्या सुना माझ्याकडे साडीचा उसवलेला फॉल घेऊन येतात, "काकू, जरा एवढं" म्हणतात, आणि मी टाका घालीपर्यंत मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात. मी टाका घालून देते, पण दोन शब्द ऐकवल्याशिवाय नाही. वर्गातही माझं असंच होतं. टीप वाकडी गेली, उसव. टाके लांब पडले, उसव. रडलीस, रड, पण उसव. त्या पोरी आजही लग्नकार्यात भेटल्या की पाया पडतात. का पडतात ते त्यांचं त्यांना माहीत.

माझी एकुलती एक मुलगी धुळ्याला बँकेत आहे. अडतीस पूर्ण झाली, लग्न केलं नाही. तिचे वडील गेल्यापासून हा विषय काढणारी मी एकटीच उरले, आणि मी काढला की ती फोन ठेवते. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "आई, आता घरात मी एकटी नाही. एकजण राहायला आलाय." माझ्या हातातली पळी खाली पडली. मी तशीच उठून देवापुढे साखर ठेवली. मग तिने फोटो पाठवला. धुळ्याच्या देवपुरात रस्त्यावर सापडलेलं तांबडं गावठी कुत्रं, एक कान उभा, एक पडलेला. मी साखर परत डब्यात ओतली.

त्याला तिने एक इंग्रजी नाव ठेवलंय, बिस्किटाच्या पुड्यावर शोभेल असं. ते मी इथे लिहिणार नाही.

गेल्या हिवाळ्यात बँकेने तिला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला हैदराबादला पाठवायचं ठरवलं. कुत्री सांभाळणारी कसली तरी जागा तिने बघितली, तिला पटली नाही. मग तिने मला फोन केला. बराच वेळ हवापाण्याचं बोलली आणि मग म्हणाली, "आई, तुझ्याकडे ठेवू का त्याला?" मी हो म्हटलं. कुत्र्यासाठी म्हणून हो म्हटलं नाही. शाळा सुटल्यापासून या पोरीने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. शिक्षण स्वतःच्या मनाने, नोकरी स्वतःच्या मनाने, घर घेतलं तेही सही झाल्यावर सांगितलं. माझ्या हाती तिने सोपवलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ते कुत्रं असलं तरी मला ती नीट सांभाळून परत करायची होती.

ती भाड्याची गाडी करून आली. पारोळा सोडल्यावर ते गाडीत ओकलं होतं, म्हणून उतरल्या उतरल्या आधी त्याचंच तोंड पुसलं, आईच्या पाया पडायचं राहिलं. मग तिने फ्रिजवर कागद चिकटवला. सकाळी काय, संध्याकाळी काय, अंघोळ कधी, गोळी कधी. माझ्या हातची भाकरी खाऊन ती मोठी झाली, पण कुत्र्याला भाकरी किती घालायची हे मला लिहून द्यावं लागतं. खाली लाल पेनाने लिहिलं होतं, 'नवीन काही खायला घालायचं नाही.' निघताना दारात थांबून ती म्हणाली, "आई, एकच सांगते. त्याला काही झालं तर मला लगेच कळव. माझ्यापासून लपवू नकोस. तेवढं एक कर."

"मी काय लपवते?" मी म्हटलं.

ती गाडीत जाऊन बसली.

कुत्र्याबरोबर खेळण्यांची एक पिशवी आली होती. ती मी ओट्यावर पालथी केली. एक रबरी कोंबडी, दाबली की किंचाळणारी. आमच्या घरात तीन पिढ्या अंडं आलं नाही आणि आता माझ्या स्वयंपाकघरात सोललेली कोंबडी पडली होती, पिवळी. एक कापडी हाड. एक निळं अस्वल. गावठी कुत्रं, ज्याचं कूळ उकिरड्यावर वाढलं, त्याला निळं अस्वल. कॉलनीत त्या अस्वलावर कोणाची नजर पडू नये म्हणून मी ते दोन दिवस मागच्या पडवीतच ठेवलं.

त्याची काही गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी अस्वलाचं डोकं एकीकडे आणि धड एकीकडे. घरभर पांढरा पॉलिस्टरचा भुसा. मी ते धड उचलून उजेडात धरलं, आणि खरं सांगते, कुत्र्यापेक्षा मला त्या शिवणाऱ्याचा राग आला. एकेरी टीप. टाके एवढे लांब की मधून बोट जावं. सुरुवातीला गाठ नाही, शेवटी गाठ नाही. कापडाला शिवणीत जागाच सोडलेली नाही. माझ्या सातवीतल्या सगळ्यात ढ मुलीने असं काम आणलं असतं तर मी तिला दाराबाहेर उभं केलं असतं. आणि हे दुकानात टांगून विकतात, आणि माझी शिकलेली मुलगी ते घेते.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. ती आधी कुत्र्याशी बोलली, मग माझ्याशी. अस्वलाचं सांगितल्यावर घाबरली. "आई, आतलं ते पांढरं पोटात जायला नको. आतडं अडकतं, ऑपरेशन करावं लागतं."

"मी शिवते त्याला काहीतरी," मी म्हटलं. "फाटणार नाही असं."

तिला हसू आलं. मला ते हसू आवडलं नाही, पण मशीनवरची चादर मी तेव्हाच काढली.

हाड मी शिवणार नव्हते. अस्वल तर नाहीच. जळगावच्या माणसाला जे सुचायचं तेच मला सुचलं, भरताचं वांगं. बैठकीच्या खोलीचे जुने हिरवे पडदे होते, जाड दुसुतीचे, धुऊन मऊ झालेले. चार पाकळ्या कापल्या, आतून मांजरपाटाचं अस्तर लावलं, दुहेरी टीप मारली, कडा काजाच्या टाक्याने बांधल्या, आणि वर तपकिरी कापडाचा देठ. खरं सांगायचं तर बाजारात ठेवलं असतं तर कुणी पिशवीत टाकून नेलं असतं.

आत काय भरायचं, हा प्रश्न माझ्या भावाने सोडवला. तो एरंडोलच्या पुढे गावाकडे असतो, घरची शेती. आमच्याकडे पहिल्या वेचणीचा कापूस भावाने बहिणीला आणून द्यायचा असतो, वर्षभराच्या वातींसाठी. तो दर साल आणतो, आणि दर साल मूठभर हवा असताना पोतंभर आणतो. दारात पोतं टेकवून त्याने टेबलावरचं वांगं उचललं, उलटंपालटं केलं.

"अक्का, हाई काय शे?"

"वांगं."

"ते दिसस मले. पन कोनासाठे?"

मी पडवीकडे बोट केलं. कुत्र्याने शेपूट हलवलं. भाऊ खुर्चीत बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "कुत्रासाठे शिवेल वांगं. बठ्ठं गाव हासी, अक्का."

"गावाला दात आहेत तेवढे हसू दे," मी म्हटलं, आणि त्याला चहात साखर कमी घातली.

कापूस पिंजून आणायला मी पिंजाऱ्याकडे गेले. तीस वर्षं आमच्या गाद्या तोच भरतो, त्याच्या दोन मुली माझ्या वर्गात होत्या. त्याने पोत्यात हात घातला आणि काढून घेतला. "बाई, ही रुई नाही, कच्चा कापूस आहे. आत सरकी आहे ना. मशीनचे दात जातील माझ्या." हे मला कळायला हवं होतं, खानदेशात जन्म काढलेल्या बाईला. मी पोतं परत आणलं आणि वातींसाठी काढतात तशी हाताने सरकी काढत बसले. आठ दिवस. एकेक बोंड घ्यायचं, बोटाने चाचपायचं, बी सोडवायचं. चिमटीतल्या बोटांची कातडी गेली. कुत्रं समोर बसून बघायचं. त्याला वाटत होतं मी त्याच्यासाठी काही सोलतेय.

कापूस वांग्यात गेला. उरली ती सरकी, करड्या लवेची, दोन मोठे डबे भरून. ती मी फेकणार होते असं कोणाला वाटत असेल तर त्याने आमच्याकडची बाई पाहिली नाही. आमच्याकडे सरकी म्हणजे खाणं. म्हशीला सरकी, बैलाला तेल काढून उरलेली तिचीच ढेप. लहानपणी आमच्या गोठ्यात सरकी भिजत पडलेली असायची आणि आई म्हणायची, घरात माणसांना तूप नसेल तर चालेल, म्हशीला सरकी हवी. मी भावाला फोन करून विचारलं, डबेभर सरकीचं काय करू. तो म्हणाला, "आम्हीन म्हैसले देतस. दूध घट्ट व्हस." माझ्याकडे म्हैस नव्हती. कुत्रं होतं.

मी मांजरपाटाची छोटी पुरचुंडी शिवली, तीत दोन मुठी सरकी भरली आणि ती वांग्याच्या पोटात मधोमध बसवली. त्याने वांग्याला वजन आलं, आणि हलवलं की आतून खसखस वाजायचं. दुकानातल्या खेळण्यात किंचाळणारं प्लास्टिक असतं, ते गिळलं की गेलं कुत्रं. माझ्या वांग्यात काय, तर सरकी. फाटलंच आणि पोटात गेलीच तर उलट अंगाला लागेल, असा हिशोब मी केला. एवढा सरळ विचार माझ्या मुलीला आणि तिच्या दुकानदारांना का सुचत नाही, याचं मला खरंच नवल वाटलं.

कुत्र्याने ते वांगं घेतलं आणि सोडलं नाही. रबरी कोंबडी पडवीत धूळ खात पडली. सकाळी फाटकापाशी वांगं तोंडात, दुपारी वांग्यावर हनुवटी ठेवून झोप. मी फोटो काढून मुलीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "आई, काय भारी शिवलंयस गं. आत काय भरलंयस?"

"आपला घरचा कापूस," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. पुरचुंडीचं सांगावं असं मला वाटलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? आणि मला ते 'भारी' ऐकत राहायचं होतं. माझ्या शिवणकामाला ती आजवर कधी चांगलं म्हणाली नव्हती. त्याला कारण होतं, ते मला माहीत होतं. ती सहावीत असताना माझ्याच वर्गात होती. त्या वर्षी मुलींना कापडी प्राणी शिवायला दिला होता आणि तिने हत्ती आणला होता, राखाडी. सोंड वाकडी, टाके लांब, एक पाय आखूड. आपली मुलगी म्हणून सूट दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून मी तो चाळीस मुलींसमोर ब्लेडने उसवला, आतली चिंधी टेबलावर काढली आणि म्हटलं, "परत भर." तिने परत भरला नाही. त्यानंतर तिने सुईला हात लावला नाही. मी त्यात काही चुकीचं केलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि बरीच वर्षं वाटलं नाही.

वांगं नऊ दिवस टिकलं. दुकानातल्या अस्वलाचे तीन, माझे नऊ. दहाव्या दिवशी कुत्र्याने देठाची बाजू कुरतडून पुरचुंडी बाहेर काढली आणि सरकी चाटूनपुसून खाल्ली. मी त्याला रागावले, पण देठ पुन्हा शिवला आणि नवी पुरचुंडी बसवली. मग त्याला समजलं की माल कुठे आहे. नवं वांगं दिलं की चौथ्या दिवशी पुरचुंडी बाहेर. मी एक केळं शिवलं, एक चेंडू शिवला, सगळ्यांच्या पोटात सरकी. फ्रिजवरच्या लाल अक्षरांखालून मी दिवसातून वीस वेळा जायचे. पण मी त्याला खायला कुठे घालत होते? मी खेळायला देत होते. स्वतःची समजूत घालण्यात मी पोरींपेक्षा काही कमी नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. शेजारणीला तर मी म्हटलंसुद्धा, बघा अंगाला कशी चकाकी आली सरकीने.

संक्रांत झाली तसं ते मलूल झालं. ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना मध्येच बसायचं. थंडीत जीभ बाहेर काढून धापा टाकायचं. भाकरी अर्धी टाकायला लागलं. मी म्हटलं, लाडावलं. घरात बसून लठ्ठ झालं. उकिरड्यावर असतं तर चार गल्ल्या पळालं असतं. फोनवर मुलीला ते नीट दिसलं नाही, तिने विचारलं, "असा का बसलाय तो?"

"थंडी आहे," मी म्हटलं.

"डॉक्टरला दाखव ना."

"दाखवते."

नाही दाखवलं. आमच्या लहानपणी गावात माणसाला डॉक्टर मिळायचा नाही, आणि ही कुत्र्याला थंडी वाजली म्हणून डॉक्टरकडे न्यायला सांगते. रिक्षात मांडीवर कुत्रं घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्याकडे बघून मी तोंड फिरवलेलं आहे. तशी मी दिसायला नको होते. असल्या लाजेत दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकापाशी उलटी करून आडवं झालं, ते उठेना. पोट भात्यासारखं खालीवर होत होतं. मी गोधडीत गुंडाळून उचललं तर हाताला ते हलकं लागलं, लठ्ठ वगैरे काही नव्हतं. पहिला रिक्षावाला नाही म्हणाला. दुसऱ्याने घेतलं. मांडीवर कुत्रं घेऊन मी सगळ्या बाजारातून गेले. कोण बघतंय ते मी पाहिलं नाही.

जनावरांचा डॉक्टर तरुण होता, शर्टाच्या कॉलरची टीप उसवलेली. हेही मला दिसलं, अशी मी बाई. त्याने तपासलं, कानाला नळी लावून बराच वेळ छाती ऐकली आणि विचारलं, "काय खातो?" मी फ्रिजवरचा कागद पाठ म्हणून दाखवला. "उंदराचं औषध वगैरे घरात?" नाही. "बाहेर काही खाल्लं?" बाहेर मी सोडतच नाही, मी म्हटलं. तेवढ्यात कुत्र्याने टेबलावर पुन्हा उलटी केली. डॉक्टरने चिमट्याने त्यातली काळी टरफलं उचलली, पाण्याखाली धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"सरकी आहे ही. कुठून मिळाली याला?"

मी सांगितलं. वांगं, पुरचुंडी, दोन मुठी, चौथ्या दिवशी पुन्हा दोन मुठी. त्याचा हात थांबला.

"काकू, सरकी म्हशीची. ती रवंथ करते, तिच्या पोटात ती पचते. कुत्र्याला ती विष आहे. थोडी थोडी साठत जाते आणि हृदयावर जाते. गावाकडे लोक राखणीच्या कुत्र्याला ढेप चारतात, ती कुत्री येतात माझ्याकडे अशी. पण त्यांचं मी समजू शकतो. खेळण्यात शिवून घातलेली पहिल्यांदाच ऐकतोय." मग सलाइनची बाटली टांगत तो म्हणाला, "तुम्ही तर शिकलेल्या दिसता."

एवढी वर्षं हे वाक्य मी लोकांना ऐकवत आले होते. 'शिकलेल्या दिसता.' ते कुठे लागतं ते मला त्या दिवशी कळलं.

जगेल का, असं मी विचारलं. चार दिवस काही सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. मी फोन घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. मला लाज वाटली होती, आणि भीती त्याहून जास्त वाटली होती. उलटी झाली, अॅडमिट केलंय, डॉक्टरला कारण कळत नाही, एवढं सांगता आलं असतं. डॉक्टरला तिचा नंबर माहीत नव्हता. कुत्रं मेलं असतं तर वाचा फोडणारं कोणी नव्हतं, आणि जगलं असतं तर तेही बोललं नसतं. पाच मिनिटं मी हा विचार केला. पाच कशाला, जास्तच केला. मग त्या लाल अक्षरांखालून वीस वेळा जाणारी मी आठवले, आणि मला माझी किळस आली. मी फोन लावला.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं, दोन दिवस दाखवलं नाही तेही.

मग ती म्हणाली, "मी निघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती थेट दवाखान्यात पोचली. माझ्याशी बोलली नाही. कुत्र्याशेजारी जमिनीवर बसली, त्याचा पडलेला कान हातात धरून. चार दिवस आम्ही दोघी त्याच बाकावर बसलो. मी डबा आणायचे, ती डबा खायची, डबा धुऊन मला परत द्यायची. चौथ्या दिवशी कुत्रं मान उचलून पाणी प्यायलं. डॉक्टर म्हणाला, जगेल, पण छाती आता कमजोर राहणार, पळवायचं नाही, जिने चढवायचे नाहीत. ते ऐकून ती पहिल्यांदा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तो ठेवायचा हक्क मी त्या आठवड्यात घालवला होता.

आम्ही त्याला घरी आणलं. मी आधीच सगळी खेळणी धुऊन, पुरचुंड्या काढून, पुन्हा शिवून ठेवली होती. बहुतेकांत आता कापसाऐवजी नुसत्या चिंध्या, चेंडूत तेवढा कापूस. डब्यातली सरकी भावाकडे पाठवली होती. कुत्रं गोधडीवर पडून होतं, आणि त्याने टोपलीकडे बघून शेपूट एकदा जमिनीवर आपटलं. मी वांगं उचलून त्याच्याकडे नेणार, तोच मुलीने ते माझ्या हातातून घेतलं.

"थांब," ती म्हणाली.

तिने टोपली उचलून फरशीवर पालथी केली. माझ्या मशीनच्या खणातून ब्लेडचं अर्धं पान काढलं. ते कुठे असतं हे तिला अजून आठवत होतं.

"त्यात आता काही नाही," मी म्हटलं. "सगळी सरकी मी काढली. माझ्या हाताने."

"बघते," ती म्हणाली.

ती एकेक खेळणं उसवायला लागली. माझे टाके सहज उसवत नाहीत, दुहेरी टीप आणि वर काजाचा टाका. तिला सवय नव्हती, दोनदा ब्लेड बोटाला लागलं. तिने बोट तोंडात धरलं आणि पुन्हा उसवू लागली. वांग्याच्या चिंध्या काढून तिने एकेक चिंधी झटकली. केळं उसवलं. दुसरं वांगं उसवलं. मी समोर पाटावर बसून होते. आतून मला संताप येत होता की माझ्या कामावर हिचा विश्वास नाही, जिला सुईत दोरा ओवता येत नाही तिचा. पण काय म्हणून बोलणार होते?

शेवटी तिने चेंडू उसवला. तो कापूस मी आठ दिवस चिमटीने चाचपून साफ केला होता. तिने तो पसरला, उजेडाकडे धरला, बोटाने दाबत दाबत गेली, आणि एका जागी थांबली. मग लवेत अडकलेलं एक बी सोडवून तिने माझ्यासमोर फरशीवर ठेवलं. एकच होतं.

माझ्या मागे चाळीस मुली उभ्या नव्हत्या, तेवढं तरी माझं नशीब. मी चष्मा लावला, ते बी बघितलं, आणि मला तो राखाडी हत्ती आठवला, त्याची आतली चिंधी टेबलावर काढलेली.

"परत भर," ती म्हणाली. "मी बसते इथे."

मी कापूस पुन्हा चाचपला, तिच्यासमोर, बोंडाएवढा तुकडा घेऊन. झाला की तिच्याकडे द्यायचा, तिने दाबून बघायचा आणि परत द्यायचा, तेव्हाच तो चेंडूत जायचा. कुत्रं पडल्या पडल्या दोघींकडे बघत होतं. सगळा भरून झाल्यावर मी सुई घेतली. मी तोंड शिवत आणलं, गाठ मारायला दोरा ओढला, आणि तिने वाकून बघितलं.

"तो टाका लांब पडलाय," ती म्हणाली.

मी बघितलं. खरंच लांब पडला होता. मी तो उसवला.